रिकामं होतं म्हणून रुतलं

वाळूत एका अंगाला कललेलं चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज, आणि ते बघायला लोटलेली माणसं. ‘पीटर आयरडेल’चे १९०६ सालचे फोटो प्रसिद्ध आहेत. ठिकाण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा क्लॅटसॉप किनारा. २५ ऑक्टोबरच्या पहाटे जहाज इथे आदळलं, डोलकाठ्या मोडल्या. माणसं मात्र सगळी वाचली.

फोटोत जहाजाचं पोट बघा, केवढं उघडं पडलंय! मेक्सिकोहून ते माल भरायला निघालं होतं, म्हणजे येताना रिकामंच. पोटात होतं ते तोल राखण्यापुरतं सुमारे १००० टन वजन. घात झाला तो इथेच, असं मला वाटतं. भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं. वारा बाजूने ढकलू लागला की बुडालेला भाग पाण्याला अडतो आणि ते फारसं सरकत नाही. हलकं जहाज वर तरंगतं. मग वाऱ्याला धरायला उंच पोलादी भिंत मिळते आणि पाण्याला अडवायला थोडंसंच बूड. त्यात आडव्या शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६० अंशांहून कमी कोन करून पुढे जाणं जमत नसे. वारा किनाऱ्याकडे रेटत असला आणि समोर उथळ पाणी आलं की सुटकेला जागा उरत नाही.

जहाजाला फारशी इजा नव्हती, ओढून काढायचं ठरलं होतं. पण हवा निवळायची वाट बघण्यात आठवडे गेले. तेवढ्यात लाटांनी बुडाखालची वाळू उपसली आणि जहाज आणखी खोल बसलं. ओल्या वाळूत उभं राहिल्यावर लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते ना, तेच.

फोटोतलं कोरं आकाश मात्र फसवं असू शकतं. त्या काळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाने लगेच उजळत, त्यामुळे निळं आकाश आणि पांढरे ढग एकसारखेच पांढरे येत. तांबडा रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे, गंज असलाच तर तो काळा उमटे.

आज तिथे गंजच उरलाय. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आयन, म्हणजे मिठातून सुटणारे भारित कण, गंजाचा थर घट्ट बसू देत नाहीत आणि आतलं लोखंड पुन्हापुन्हा उघडं पडतं. लाटा आळीपाळीने भिजवतात नि वाळवतात तिथे झीज सर्वात जास्त. खोल ओल्या वाळूत ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून गाडलेला भाग हळू झिजतो. वर दिसतो तो नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा सांगाडा आणि काही फासळ्या.