चॉकलेट-झुकिनी ब्रेड: सगळा खेळ पाण्याचा

"ब्रेड फुगला छान, पण कापला तर आत गिच्च निघाला." आमचं ग्लूटेनविरहित, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेलं पीठ वापरणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार येते. बोलता बोलता लक्षात येतं, की पीठ ठीक होतं, ओव्हनही ठीक होता, चुकला होता तो पाण्याचा अंदाज. म्हणून पाकिटासोबत हे माहितीपत्रक देत आहोत.

झुकिनीत, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या या फळभाजीत, सुमारे ९५ टक्के पाणी असतं. किसली की ते सुटायला लागतं, मीठ-साखर लागली की आणखी सुटतं. गव्हाच्या पिठात ग्लूटेनची जाळी हवा धरून ठेवते आणि थोडं कमी-जास्त पाणी सांभाळूनही घेते. आमच्या मिश्रणात ब्राऊन राइसचं पीठ, बदामाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि थोडा इसबगोल आहे. इथे जाळीचं काम इसबगोल करतो. पाणी पिऊन तो बुळबुळीत होतो आणि सगळं एकत्र धरतो. पण पाणी प्यायला त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ आपण देत नाही.

२१ × ११ सेंटिमीटरच्या लोफ टिनसाठी आमचं मिश्रण २२० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, बेकिंग सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, ३ अंडी, तेल ७० मिलिलिटर, किसलेली झुकिनी २५० ग्रॅम आणि डार्क चॉकलेटचे तुकडे ६० ग्रॅम घ्या. कपाने मोजू नका. किसलेली झुकिनी कपात दाबून भरली की सैल भरली, यावर तिचं वजन खूप बदलतं. स्वयंपाकघरात एकच नवी वस्तू घ्यायची असेल, तर वजनकाटा घ्या.

झुकिनी सालासकट किसा. हिरवे ठिपके कोकोत दिसतही नाहीत. पण किसण्याआधी एक छोटा तुकडा चाखून पाहा. कडूजहर लागली तर ती झुकिनी टाकून द्या. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, भाजल्याने तो जात नाही आणि त्याने पोट बिघडू शकतं. कीस मुठीत घेऊन एकदाच हलकेच दाबा, दोन-तीन चमचे पाणी निघालं की पुरे. फडक्यात घालून कोरडाठाक पिळला, तर ब्रेड गिच्च होत नाही, पण भुसभुशीत होतो आणि कापताना चुरा पडतो.

अंडी, साखर आणि तेल फेटून घ्या, त्यात कीस मिसळा, मग चाळलेले कोरडे जिन्नस घाला आणि शेवटी चॉकलेट. घोळ आता पातळ वाटेल. घाबरून जास्तीचं पीठ घालू नका. २० मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढाल तेव्हा तो चमच्यावरून सावकाश, जाडसर पडेल. ही २० मिनिटं वाचवायला गेलं, की तांदळाचे कण दाताखाली खरखरतात.

कोको साधा, म्हणजे आम्लधर्मी घ्या, कारण सोड्याला आम्ल लागतं. 'डच प्रोसेस्ड', म्हणजे प्रक्रिया करून आम्लपणा घालवलेला कोको असेल तर सोडा वगळून बेकिंग पावडर दोन छोटे चमचे करा.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर ५५ ते ६० मिनिटं भाजा. सुरी घालून पाहिली तर वितळलेलं चॉकलेट फसवतं. आतलं तापमान ९६ अंशांच्या आसपास आलं, की ब्रेड झाला. दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. स्टार्च गार होतानाच घट्ट बसतो. आमचे सुरुवातीचे कितीतरी लोफ नीट भाजले गेले होते, ते आम्हीच गरम कापून बिघडवले.

आता 'आरोग्यदायी' या शब्दाबद्दल. ग्लूटेन नाही म्हणून पदार्थ आपोआप पौष्टिक होतो, असं आम्ही म्हणणार नाही. सीलिॲक, म्हणजे ग्लूटेनने आतड्यांना इजा होणारा आजार, असणाऱ्यांसाठी मात्र ती गरज आहे. या ब्रेडमध्ये ओलावा झुकिनीकडून येतो, म्हणून साखर आणि तेल कमी चालतं. दहा काप केले तर प्रत्येकात ११ ग्रॅम साखर येते, चॉकलेटमधली वेगळी. साखर ८० ग्रॅमच्या खाली नेऊ नका. ती नुसती गोडीसाठी नसते, मऊपणाही तीच देते.

घरात कोणाला सीलिॲक असेल तर कोको, चॉकलेट आणि बेकिंग पावडर यांची लेबलं वाचा. चॉकलेटमध्ये बार्लीचं माल्ट असू शकतं, बेकिंग पावडरमध्ये गव्हाचा स्टार्च. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'ग्लूटेनविरहित' पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. गव्हाचं पीठ चाळलेली चाळणी हे सगळं एका झटक्यात वाया घालवते, म्हणून चाळणी वेगळीच ठेवा. मिश्रणात बदाम आहे, हे पाहुण्यांनाही आधी सांगा.

बाहेर झाकून ब्रेड दोन दिवस टिकतो. फ्रिजमध्ये तो लवकर शिळवटतो. उरलेल्याचे काप करून, मध्ये बेकिंग पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि हवा तेव्हा एकेक काढून गरम करा.