राखेचा कण धावत नाही, सरकतो

भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, की एसटीत कुणीतरी हमखास सांगतं, "तिथं करंट देऊन राख जाळून टाकतात." पण राख म्हणजे जळून उरलेलं, ती पुन्हा कशी जळेल? आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे ३०-४० किलो राख निघते. त्यातली बरीचशी पिठासारखी बारीक होऊन धुराबरोबर उडते. तिला धरायला ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) असतं, म्हणजे विजेच्या ओढीने धुरातली राख वेगळी करणारं यंत्र.

आत उंच लोखंडी पत्रे आणि मधोमध टोकदार तारा. तारांना ४०-५० हजार व्होल्टचा ऋण दाब, पत्रे जमिनीला जोडलेले. टोकाजवळ विद्युतक्षेत्र इतकं तीव्र असतं, की सुटा इलेक्ट्रॉन वेगाने वायूच्या रेणूवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो. पुढे ते ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात, ऋण आयन होतात आणि पत्र्याकडे जाता जाता राखेवर बसतात. १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणावर दहा-वीस हजार इलेक्ट्रॉनांइतका प्रभार साठला, की तोच नव्या आयनांना दूर लोटू लागतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. शाळेत आपण शिकलो, की बल म्हणजे प्रभार गुणिले क्षेत्र, आणि बल आहे तिथे त्वरण. मग कणाचा वेग पत्र्यापर्यंत वाढतच जायला हवा. जुन्या टीव्हीच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचं तसंच होई. धुरात मात्र वेग वाढला की वायूचा विरोधही वाढतो. सेकंदाच्या हजाराव्या भागातच दोन्ही बलं जुळतात आणि कण एकाच वेगाने पत्र्याकडे सरकत राहतो. प्रभार त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, विरोध नुसत्या त्रिज्येने. म्हणून दुप्पट जाड कण दुप्पट वेगाने सरकतो आणि बारीक कण रेंगाळतो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण सर्वांत जास्त निसटतात, आणि फुप्फुसात खोल जातात तेही हेच.

'ऋण आयन सोडणारी' मनगटातली कडी विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: त्या कड्यात असा दाब कुठून येणार? नेदरलँड्समध्ये २०२१ साली अशा काही वस्तूंत किरणोत्सारी पदार्थ सापडले. असली वस्तू अंगावर वागवू नका.

पत्र्यावर राखेचा थर जमला, की हातोड्यांचे ठोके देऊन तो खालच्या नरसाळ्यासारख्या हॉपरमध्ये पाडतात. ठोका जोराचा बसला तर थराचा भुगा होऊन पुन्हा धुरात मिसळतो, म्हणून पापुद्रा सुटेल इतकंच ठोकायचं.