मेसेज आणि स्टेटसचा मेनू एका जागी का नाही, त्याच्या मागची गोष्ट

कॉलेजात आमच्या डिपार्टमेंटच्या दाराशी एक लाकडी बोर्ड होता, सगळ्या सरांची आणि मॅडमची नावं एकाखाली एक, प्रत्येक नावापुढे सरकवायची पट्टी, आत किंवा बाहेर. तीन जिने चढून गेलं की पहिली नजर तिकडेच जायची आणि कोण भेटणार ते दोन सेकंदांत कळायचं. आता हिंजवडीत बसतो आणि लॅपटॉपवर तीन चॅट ॲप उघडी असतात, एकात मी हिरवा, एकात पिवळा, तिसऱ्यात बिझी करायचं राहून गेलेलं असतं आणि नेमकं मीटिंगमध्ये तेच वाजतं. टीममधल्या नवीन मुलीनं विचारलं, दादा हे सगळं एकाच ठिकाणी का नाही करत कोणी? केलं होतं, उबुंटू या विंडोजसारख्याच, पण लिनक्सवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टमनं खूप विचार करून केलं होतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात चॅटच्याही आधीची आहे. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवर एकाच मशीनला अनेक जण टर्मिनलवरून जोडलेले असायचे, तिथं मेस्ग एन अशी कमांड दिली की दुसऱ्याचे मेसेज तुमच्या स्क्रीनवर यायचे बंद, म्हणजे आजचं डू नॉट डिस्टर्बच. आणि १९८०च्या सुमाराला बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये बिफ नावाचा छोटा प्रोग्राम आला, नवी मेल आली की सांगायचा, नाव तिथल्या एका कुत्र्यावरून ठेवलेलं. म्हणजे 'मला काय आलं' आणि 'मी उपलब्ध आहे का' या दोन गोष्टी तेव्हापासूनच वेगवेगळ्या. हे लक्षात ठेवा, पुढे याच फटीत सगळं अडकलंय.

मग १९९५ला विंडोज ९५ आलं, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी आयकॉनसाठी जागा आली, आणि १९९६च्या शेवटी आयसीक्यू हे चॅट ॲप आलं, त्याचं ते फूल तिथं जाऊन बसलं, हिरवं म्हणजे ऑनलाइन. याहू आणि एमएसएन मागोमाग आलेच. ज्यांनी कर्वे रोडच्या नेट कॅफेत तासाच्या हिशोबानं पैसे मोजलेत त्यांना आठवत असेल, मशीनवर बसलं की आधी तो कोपरा बघायचा. पण प्रत्येक आयकॉन आपल्या मर्जीनं वागायचा, एकावर डावं क्लिक केलं की खिडकी उघडते, दुसऱ्यावर मेनू, तिसऱ्यावर डबल क्लिक केल्याशिवाय काहीच नाही, आणि स्टेटस बदलायचं ते कुठेतरी उजव्या क्लिकच्या दुसऱ्या पायरीत.

लिनक्सवर हाच प्रकार आला आणि तिथलं तांत्रिक कारण मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या पद्धतीत ॲप स्वतःची एक चिमुकली खिडकी पॅनेलमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या आयकॉनांच्या रांगेत, आणून चिकटवायचं. आत काय चाललंय ते पॅनेलला कळायचंच नाही, रंग कुठला, मेनू कुठला, कीबोर्डनं जाता येईल का, सगळं ॲपच्या हातात. त्यामुळे एकसारखेपणा फक्त विनंती करून मिळणार, आणि विनंती किती जण ऐकतात ते आपल्याला माहितीये. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या लोकांनी यावर नवी पद्धत काढली: ॲपनं फक्त आयकॉन कुठला आणि परिस्थिती काय एवढं डी-बस या ॲपांमधल्या निरोपाच्या वाटेवरून कळवायचं, दाखवायचं काम पॅनेलचं. चित्र काढायचा हक्क एका हातात आला की एकसारखेपणा आपोआप येतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच.

उबुंटूनं तीच वाट धरली. एप्रिल २००९च्या ९.०४ आवृत्तीत वर लिफाफ्याचा आयकॉन आला, मेल असो की चॅट, सगळं एकाच मेनूत. एप्रिल २०१०च्या १०.०४मध्ये त्याच्या शेजारी 'मी मेनू' आला (इंग्रजीतला मी आणि आपला मी, उच्चार सारखा आणि अर्थही जवळजवळ तोच), त्यात उपलब्ध, दूर, बिझी, अदृश्य, ऑफलाइन असे पर्याय, एकदा निवडलं की त्यात जोडलेल्या सगळ्या चॅट खात्यांना लागू. आमच्या डिपार्टमेंटचा बोर्डच तो! त्याच महिन्यात उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं की आयकॉनांचा जुना कोपरा ११.०४पर्यंत काढून टाकायचा. नियमही साधे, आयकॉन एकाच रंगाचे, क्लिक केलं की मेनूच उघडणार, आणि एक मेनू उघडा असताना बाजूला सरकलं की शेजारचा उघडतो. मी तेव्हा वापरायचो, आठवड्याभरात हाताला सवय लागली, बघावंही लागायचं नाही.

पण तीच जुनी फट. लोकांना कळेना की लिफाफ्यात जायचं की 'मी'मध्ये, चॅटचे मेसेज इथं आणि चॅटचं स्टेटस तिथं. ११.१०मध्ये 'मी मेनू' काढून स्टेटस लिफाफ्यात आणलं, आणि मला ते बरोबर वाटलं, कारण माणूस स्टेटस बदलतो ते बहुतेक वेळा मेसेजच्या त्रासानंच. ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपनं २०११च्या तिसऱ्या आवृत्तीत वेगळाच रस्ता घेतला, मेसेज खालच्या ट्रेमध्ये, पुढे २०१५ला कॅलेंडरच्या शेजारी. म्हणजे प्रत्येक डेस्कटॉप आतून सुसंगत आणि एकमेकांशी विसंगत, ॲप बनवणाऱ्यांनी कुणाचं ऐकायचं?

तरी हे सांभाळता आलं असतं. खरा फटका मागच्या बाजूनं बसला. एका मेनूनं सगळीकडचं स्टेटस बदलायचं तर सर्व्हिसनी तसं करू दिलं पाहिजे ना. गुगल टॉक २००५पासून एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा चॅटच्या नियमांवर होतं, फेसबुकनंही २०१०ला आपलं चॅट त्यातून उघडलं, त्याच वर्षी 'मी मेनू' आला हा योगायोग नुसता नव्हता, हवाच तशी होती. मग २०१३ला गुगल हँगआउट्सकडे वळलं, एमएसएनचे लोक स्काइपकडे नेले गेले, २०१५ला फेसबुकनं दार लावलं, याहू मेसेंजर २०१८ला बंदच झाला. मेनू जागेवर होता, पट्टी सरकत होती, पण पलीकडे कोणी नव्हतं. २०१७ला युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप सोडून उबुंटू ग्नोमवर परत आलं तोवर लिफाफ्यात फारसं उरलंही नव्हतं.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आयकॉन कसा दिसावा हे डेस्कटॉप ठरवू शकतो, आत मी आहे की बाहेर हे आता प्रत्येक कंपनी आपापल्या सर्व्हरवर ठरवते, आणि तिघींचे तीन बोर्ड तीन दारांवर लागलेत. मी सध्या एवढंच करतो, मीटिंगच्या पाच मिनिटं आधी तिन्ही दारांवर हातानं जाऊन पट्टी सरकवतो.