तहसिलीत उर्दू, वेदीवर लॅटिन

वैजापूर-गंगापूरकडच्या एखाद्या गावात रविवारी मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला गेलं, की फादर लोकांकडे तोंड करून मराठीत प्रार्थना म्हणताना दिसतात आणि गाणी पेटी-ढोलकीवर होतात. बघणाऱ्याला वाटावं, हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. प्रत्यक्षात मराठी वेदीपर्यंत पोचून साठेक वर्षंच झालीत.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी 1570 साली लॅटिन मिस्साग्रंथ, म्हणजे मिस्सेतल्या प्रार्थना आणि विधींचं पुस्तक, ठरवून दिला. किरकोळ फेरफार सोडले तर तोच जवळजवळ चारशे वर्षं चालला. फादरांचं तोंड वेदीकडे, पाठ लोकांकडे. 'दोमिनुस वोबिस्कुम' (प्रभू तुमच्याबरोबर असो) असं ते म्हणत आणि 'एत कुम स्पिरितू तुओ' (आणि तुझ्या आत्म्याबरोबर) हे उत्तर वेदीसेवक पोरगा घोकून ठेवल्यासारखं देई. मागे बसलेली माणसं तेवढ्यात जपमाळ ओढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या बाजूला आलेल्या संत फ्रान्सिस द सालेस संस्थेच्या मिशनऱ्यांनी हीच मिस्सा सोबत आणली. प्रवचन, धर्मशिक्षण, घरची प्रार्थना मात्र मराठीत. त्यावाचून गावात कामच झालं नसतं.

मराठवाड्यात याला एक वेगळा पदर होता. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलुख निजामाचा. कचेरीचा कारभार उर्दूत. म्हणजे शेतसाऱ्याचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि मिस्साही दुसऱ्याने समजावून सांगायची. त्यात शेजारी प्रोटेस्टंट मंडळी. जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी स्कॉटिश मिशनचं काम उभं केलेलं. पुढे नारायण वामन टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये सगळीकडे गायली जाऊ लागली. कॅथलिक माणसाला पलीकडच्या चर्चमधलं भजन शब्दन्‌शब्द कळायचं, स्वतःच्या वेदीवरचं नाही!

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज 2147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केला. 'परिषदेने लॅटिन काढून टाकली' असं सर्रास बोललं जातं, ते बरोबर नाही. लॅटिन राखावी आणि लोकभाषेला जास्त वाव द्यावा, असं त्यात म्हटलंय. 7 मार्च 1965 पासून पहिले बदल लागू झाले आणि पोप पॉल सहावे यांचा नवा मिस्साग्रंथ 30 नोव्हेंबर 1969 पासून. इकडे महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. कचेरी आणि वेदी, दोन्हीकडे मराठी साधारण एकाच सुमारास आली.

भाषेपेक्षा जास्त वाजलं ते 1969 च्या एप्रिलमध्ये. भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली: चपला बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम (गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकून), मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, फादरांच्या नेहमीच्या झग्यांऐवजी साधा अंगरखा आणि अंगवस्त्र. बंगळूरच्या, उपासना आणि धर्मशिक्षणाच्या कॅथलिक राष्ट्रीय केंद्रातून फादर अमलोरपवदास यांनी या 'भारतीयीकरणा'चा जोरदार पाठपुरावा केला. काही कॅथलिकांना हे हिंदूकरण वाटलं. मला दुसरा आक्षेप जास्त वजनाचा वाटतो, तो दलित ख्रिस्ती विचारवंतांचा. भारतीय म्हणजे कोणाचं? मराठवाड्यातले बहुतेक कॅथलिक मूळचे महार-मांग वस्त्यांतले. ज्या देवळात आजोबांना पाऊल टाकू दिलं नाही, तिथली आरती आपली संस्कृती म्हणून नातवाच्या हाती द्यायची? जमिनीवर बसायला मात्र त्यांना रोमच्या परवानगीची गरज नव्हती, घरी दुसरं काय करत होते!

1977 साली अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला, तोवर लॅटिन मिस्सा इथे म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरली होती. त्यामुळे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये ती आवळली, हा वाद इथल्या गावांपासून लांबचाच. 2016 चा बदल जवळचा: ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर पाय धुतात त्या विधीत स्त्रियांनाही घ्यायला परवानगी मिळाली.

2017 मध्ये उपासनेच्या ग्रंथांच्या भाषांतराची जबाबदारी पुन्हा मुख्यतः त्या-त्या देशातल्या बिशपांवर आली. मराठीपुरतं पाहिलं तर हे काम सोपं नाही, कारण मिस्सा वसईतही मराठीत होते आणि बीडलाही, आणि दोन्हीकडच्या बोलण्यात बरंच अंतर आहे. 'मिस्सा' हा शब्द मात्र लॅटिनचाच राहिला. तो बदला म्हणून कोणी अडून बसलेलं नाही.