मिसरूड फुटलं की गोळ्यांची लव?

भाच्याची किडनी बदलून पाच महिने झाले होते. त्याला घेऊन कोल्हापूरच्या गंगावेशीतून चाललो होतो. तालमीतल्या ओळखीच्या वस्तादांनी त्याला वरखाली न्याहाळलं. "पोरगं अंगानं भरलंय की! मिसरूडबी फुटलं." तेरा वर्षांचा पठ्ठ्या खूश. कट्ट्यावरचा धारोष्ण दुधाचा ग्लासही पुढं आला, तो मी परत केला. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना कच्चं दूध चालत नाही. मिसरूडही खरं नव्हतं.

ती लव सायक्लोस्पोरिनची, त्या गोळ्यांपैकीच एक. या औषधानं कपाळ, गाल, पाठ, दंड सगळीकडं केस येतात, मुलगा असो की मुलगी. हिरड्याही वाढतात. वयात येतानाची लव आधी ओठांच्या कोपऱ्यांवर दिसते आणि कपाळ मोकळं राहतं. त्याच कामाच्या टॅक्रोलिमस या गोळीवर असं सहसा होत नाही, म्हणून आधी गोळीचं नाव बघायचं.

'अंगानं भरलंय' हे तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं काम. गाल पुरीसारखे फुगतात, पोट सुटतं. छाती-पाठीवर एकसारखी बारीक पुरळ उठते. वयातल्या मुरमांत लहानमोठी, काळ्या टोकाची अशी सरमिसळ असते.

मग खरी खूण कुठली? मुलांत ती ओठावर नसतेच. डॉक्टरांकडं लंबगोल मण्यांची एक माळ असते, 1 पासून 25 मिलिलिटरपर्यंत. वृषणाचा आकार 4 च्या मण्याएवढा झाला, की वयात यायला सुरुवात झाली. भाचा 2 वरच होता. मुलींत स्तनाग्राखाली बटणाएवढी घट्ट गाठ लागते; नुसती चरबी असेल तर हाताला मऊच लागतं. मुलीला 13 आणि मुलाला 14 पूर्ण होऊनही यातलं काही नसेल, तर उशीर होतोय असं समजतात. किडनीच्या आजारात हे सगळं दोनेक वर्षं लांबू शकतं.

ताई दर आठवड्याला वजन लिहायची, उंची नाही. पाच महिन्यांत वजन सात किलो वाढलं, उंची जेमतेम एक सेंटीमीटर. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर वाढतं, भर वाढीच्या काळात मुलगा 9 च्या आसपास. नव्या किडनीनं रक्तातली आम्लता जाते, ग्रोथ हार्मोनला शरीर पुन्हा दाद देऊ लागतं; पण स्टेरॉइड हाडांच्या टोकाशी वाढ रोखतं. सहा वर्षांच्या आतली मुलं मागची कसर जास्त भरून काढतात. मोठ्यांच्या बाबतीत डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांची वाढ अजून किती शिल्लक आहे ते कळतं. स्टेरॉइड कमी करायचं का, ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं द्यायची का, ते डॉक्टर त्यावर ठरवतात. आपण डोस कापायचा नाही.

हे सांगायचं कारण, ओपीडीत शेजारी बसलेली मुलगी. गालावरची लव ओढणीनं झाकलेली, आणि ती जावी म्हणून गोळ्या चुकवत होती. गोळी चुकली की शरीर किडनी नाकारू शकतं. मुलींच्या आयांनी आणखी एक विचारून घ्यावं: किडनी चालू लागली की पाळी येते, गर्भही राहू शकतो आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी गर्भाला घातक आहे.

भाच्याची गोळी डॉक्टरांनी बदलली. काही महिन्यांत लव गेली, तसा तो हिरमुसला. माळ घेऊन पुन्हा तपासायला दिवाळीनंतर बोलावलंय.