रिकॉल आणि सर्व्हिस कॅम्पेन (मोटारगाड्या)

कंपनीकडूनच गाडीत राहिलेला दोष कंपनीनेच फुकटात काढून द्यायचा, हे दोन नावांनी होतं, रिकॉल आणि सर्व्हिस कॅम्पेन. वर्कशॉपमध्ये दोन्ही सारखीच दिसतात, पार्ट बदलतात आणि बिल लागत नाही, त्यामुळे लोक सरसकट रिकॉलच म्हणतात. पण रिकॉल जिवावर बेतू शकणाऱ्या दोषासाठी असतो, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, पेट्रोलगळती वगैरे, किंवा गाडी सरकारी नियमातच बसत नसेल तर. सर्व्हिस कॅम्पेन कंपनीच्या मर्जीचं, म्युझिक सिस्टिमचं सॉफ्टवेअर, खडखडणारं पॅनेल असलं काहीतरी, आणि ते किती दिवस चालवायचं हेही कंपनीच ठरवते, बऱ्याचदा तर गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली की गुपचूप उरकतात.

खरी भानगड अशी की दोष कुठल्या खात्यात टाकायचा हे आधी कंपनीच ठरवते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांचं इग्निशन स्विच (किल्ली फिरवून गाडी चालू-बंद करायचा स्विच) इतकं ढिलं होतं की किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी चालती गाडी बंद पडायची, आणि मग एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीने हा सुरक्षेचा दोष न धरता नुसती गैरसोय धरली, 2005 मध्ये डीलरना नुसतं टेक्निकल बुलेटिन, म्हणजे दुरुस्तीबद्दलचं सूचनापत्र, पाठवलं, तक्रार आली तर जुडगा हलका करायला सांगा आणि किल्लीच्या भोकात बसवायचा छोटा तुकडा द्या. रिकॉल निघाला थेट 2014 मध्ये, आणि कंपनीच्या भरपाई निधीने शेवटी या दोषामुळे झालेले 124 मृत्यू मान्य केले. तिथे सुरक्षेचा दोष आहे असं ठरलं की पाच कामाच्या दिवसांत एनएचटीएसए या सरकारी संस्थेला कळवावंच लागतं, पण तसं ठरवायचंच टाळलं तर काय, तेच इथे झालं.

आपल्याकडे 2010 मध्ये टाटा नॅनोला आगी लागायच्या बातम्या आल्या तेव्हा कंपनीने जादा संरक्षणाचे पार्ट फुकट बसवून दिले, पण हा रिकॉल नाही असं ठासून सांगितलं. तेव्हा विचारणारा कायदाच नव्हता म्हणा. 2012 मध्ये सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेने ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता आणली, मग 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. आता ठराविक संख्येच्या वर तक्रारी गेल्या की सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत, मात्र गाडी सात वर्षांच्या आतली हवी. सर्व्हिस कॅम्पेनला यातलं काहीच लागू नाही.

सेकंडहँड गाडी असेल तर कंपनीचं पत्र किंवा मेसेज बहुतेक जुन्या मालकाकडेच जातो, त्यामुळे चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायचा, आणि सर्व्हिस सेंटरला कॅम्पेन बाकी आहे का हे वेगळं विचारायचं, कारण ते साइटवर दिसेलच असं नाही.