इलेक्ट्रॉनिक ठोकळे: घेण्याआधी हे वाचा

‘याचा खरंच काही उपयोग होतो का हो, की नव्याचे नऊ दिवस?’ काउंटरवर ठोकळ्यांची पेटी उघडली की हा प्रश्न येतोच, आणि बहुधा पैसे देणाऱ्याकडूनच येतो. उभ्या उभ्या उत्तर द्यायला गेलं तर अर्धंच सांगून होतं. मागे कुणीतरी मिक्सरचं कपलिंग घ्यायला थांबलेलं असतं. म्हणून हे छापून ठेवलं आहे. घरी नेऊन वाचा. आम्ही हे ठोकळे विकतो आणि भाड्यानेही देतो, तेव्हा विकणाऱ्याचं बोलणं आहे हे धरूनच वाचा.

आमचं उत्तर असं, की काही ठोकळे कामाचे असतात आणि काही निव्वळ नवलाई. पेटीवरच्या चित्रावरून आणि किमतीवरून हा फरक कळत नाही. महागातला ठोकळा नवलाईचा निघालेला आम्ही पाहिला आहे.

ठोकळा म्हणजे काय

लाकडी ठोकळे मुलांच्या हातात देऊन शिकवायची कल्पना जुनी आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७च्या सुमारास लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल अशा वस्तूंचे संच केले आणि पुढे ‘किंडरगार्टन’ हा शब्दही त्यानेच दिला. आजच्या इलेक्ट्रॉनिक ठोकळ्यात त्याच घनाच्या पोटात एक चिप असते, एखादा सेन्सर किंवा मोटर किंवा दिवा असतो, आणि शेजारी दुसरा ठोकळा आलाय हे त्याला कळतं. बाकी सगळं या शेजार ओळखण्यावर उभं असतं. एकटा ठोकळा काहीच करत नाही. दोन-तीन जवळ आले की काहीतरी घडतं.

एका फार हुशार ठोकळ्याची गोष्ट

२००९च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या डेव्हिड मेरिलने टेड या व्याख्यानांच्या परिषदेत बिस्किटाएवढे ठोकळे दाखवले. त्याने आणि जीवन कलानिथी या सहकाऱ्याने ते बनवले होते, नाव सिफ्टेबल्स. प्रत्येकावर छोटा पडदा, आत हालचाल ओळखणारा सेन्सर, चारही बाजूंना शेजारी ओळखणारे इन्फ्रारेड डोळे. एक ठोकळा दुसऱ्यावर कलता केला की पडद्यावरचा रंग पाण्यासारखा ओतला जायचा. अक्षरांचे ठोकळे शेजारी ठेवले की शब्द ओळखला जायचा, आकड्यांचे ठेवले की गणित. आमच्या दुकानातल्या तिघांनीही तो व्हिडिओ पाहिला आहे आणि तिघांचाही पहिला उद्गार एकच होता: हे आपल्याकडे विकायला हवं.

पुढे त्यांनी सिफ्टेओ नावाची कंपनी काढली. २०११मध्ये तीन ठोकळ्यांचा संच १४९ डॉलरला बाजारात आला. त्याला जवळ संगणक चालू लागायचा. २०१२ची आवृत्ती संगणकाशिवाय चालायला लागली. २०१४मध्ये ड्रोन बनवणाऱ्या थ्री-डी रोबोटिक्स या कंपनीने सिफ्टेओ विकत घेतली आणि ठोकळे बंद झाले. ज्यांनी घेतले होते त्यांच्याकडे ठोकळे राहिले, नवे खेळ येणं मात्र थांबलं.

का झालं असेल? आमचं मत असं: तो ठोकळा कितीही सुंदर असला तरी त्याच्यावर कंपनीने दिलेले खेळच चालायचे, आणि नवा खेळ लिहायचा तर प्रोग्रॅमर हवा. आठ वर्षांच्या पोराच्या हातात उरायचं ते खेळणं. त्यात २०१०ला आयपॅड आला होता. कोडी सोडवायचीच असतील तर एकाच पडद्यावर शेकडो खेळ मिळत होते. पडद्यावरचं कोडं हातात धरता येतं म्हणून ते जास्त शिकवतं असं नाही. आमच्या लेखी हा ठोकळा नवलाईतच जमा, आणि ते लिहिताना जिवावर येतं.

नाव मोठं आहे म्हणून वस्तू टिकेल असंही धरू नका. लेगोची माइंडस्टॉर्म्स ही रोबोटची मालिका १९९८ला सुरू झाली, जगभर शाळांत गेली, आणि २०२२अखेर कंपनीने ती बंद केली.

एकच गोष्ट शिकवणारे, पण नीट शिकवणारे

दुसऱ्या जातीच्या ठोकळ्यांना पडदा नसतो. क्यूबलेट्स हे त्यातलं चांगलं उदाहरण. एक ठोकळा उजेड मोजतो, एक अंतर मोजतो, एकाला चाकं, एकात दिवा, एकात बॅटरी. चुंबकाने एकमेकांना चिकटतात. मोजणारा ठोकळा ० ते २५५ यांमधला एक आकडा तयार करतो आणि शेजाऱ्याला देतो. चाकाचा ठोकळा तो आकडा पाहून हळू किंवा जोरात पळतो. उजेडाचा, चाकाचा आणि बॅटरीचा असे तीन जोडले की टॉर्च मारल्यावर पळणारी गाडी झाली. आता मोजणारा आणि चाकाचा यांच्या मधे ‘उलट’ ठोकळा घाला. तीच गाडी टॉर्च मारली की थबकते आणि अंधारात पळते.

हे पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. एका मुलीने आम्हाला विचारलं, ‘म्हणजे २५५मधून वजा केलं का त्याने?’ तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मोजणं, ठरवणं, करणं या तीन पायऱ्या लिफ्टपासून फ्रिजच्या थर्मोस्टॅटपर्यंत सगळीकडे आहेत, आणि हे ठोकळे त्या वेगवेगळ्या करून हातात देतात. लिटलबिट्स नावाच्या दुसऱ्या संचात हेच रंगांनी केलेलं होतं: निळा ठोकळा वीज देणारा, गुलाबी आत घेणारा, हिरवा बाहेर देणारा, नारिंगी जोडणारा.

उपयोग आहे, पण मर्यादित. एवढी एक गोष्ट कळली की दोन-तीन आठवड्यांत पेटी माळ्यावर जाते. त्यात वाईट काही नाही, फक्त तेवढ्यासाठी पूर्ण किंमत मोजू नये. शिवाय परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२३पासून ७० टक्के आहे, म्हणजे तिकडे परवडणारी पेटी इथे येईस्तोवर चैन होते. असे संच आम्ही विकण्यापेक्षा भाड्याने देतो.

जिथे ठोकळ्याला पर्यायच नाही

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी इंग्लंडमध्ये दृष्टिहीन मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचे ठोकळे तयार केले, आणि २०१९मध्ये ते अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेकडे सोपवले. नाव कोड जंपर. साधारण ७ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी. जाड वायरींनी जोडायचे गोल ठोकळे, त्यांवर फिरवायच्या खुंट्या. जोडणी म्हणजेच प्रोग्रॅम, आणि चालवला की गाणं किंवा गोष्ट ऐकू येते. पडद्यावर चित्रांचे तुकडे ओढून प्रोग्रॅम करायला शिकवतात ते या मुलांच्या काय कामाचं? इथे ठोकळा हाताला लागतो, मोजता येतो, शेजारी बसलेल्या डोळस मित्राबरोबर एकत्र जोडता येतो. कुणी आम्हाला ‘ठोकळे म्हणजे पैसेवाल्यांची थेरं’ म्हणालं की आम्ही हे उदाहरण देतो. (आमच्याकडे ते मिळत नाहीत. हवे असतील तर कुठे विचारायचं ते सांगू.)

आम्ही स्वतः काय घेऊ

आमच्या घरच्या मुलांना आम्ही मायक्रोबिट दिलं आहे, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा संगणक. बीबीसीने २०१६मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी ते काढलं आणि तिकडच्या शाळांतून सुमारे दहा लाख वाटलं. चार सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटरची उघडी पाटी, २५ लाल दिवे, दोन बटणं, हालचाल आणि दिशा ओळखणारे सेन्सर. २०२०च्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आला. दिसायला ठोकळ्यापेक्षा रुक्ष. पण त्याच्या खालच्या कडेला मोठी भोकं आहेत, आणि त्यांत मगरचिमटा (वायरच्या टोकाचा दातेरी चिमटा) लावून घरातली कुठलीही वस्तू जोडता येते. सगळी गंमत त्या भोकांत आहे.

रत्नागिरीतलं उदाहरण देतो. एका गिऱ्हाइकाची हापूसच्या कलमांची रोपवाटिका आहे. मुलाने कलमाच्या पिशवीतल्या मातीत दोन खिळे खुपसले, एक चिमटा एका खिळ्याला, दुसरा दुसऱ्याला. ओल्या मातीतून वीज जास्त जाते, कोरड्यातून कमी, आणि पाटी ते ० ते १०२३ यांमधल्या आकड्यात दाखवते. आठवड्याभरात खिळे काळे पडून खायला लागले. पोरगा रडकुंडीला येऊन दुकानात. सतत वीज चालू ठेवली की एक खिळा झिजतो, म्हणून मोजतानाच काही क्षण वीज द्यायची, असा प्रोग्रॅम बदलून दिला. खरं म्हणजे त्यानेच बदलला, आम्ही बाजूला उभे होतो. त्याच्या वडिलांनी शेवटी आकड्यावर विश्वास ठेवला का? नाही, ते अजून बोटानेच माती बघतात. पण मुलगा नववीत विद्युत-अपघटनाचा धडा आला तेव्हा खिळे घेऊन वर्गात गेला.

आणि गणपती. ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे रांग लागते: कुणाला मखरात हात पुढे केला की दिवे लागायला हवेत, कुणाला आरतीच्या टाळ्यांवर दिवे नाचायला हवेत. वर्षभर कपाटात पडलेले ठोकळे त्या पंधरवड्यात बाहेर येतात. ज्या वस्तूला घरात असं काम सापडतं ती टिकते.

तेव्हा घेताना एवढंच पाहा की पेटीत नसलेली एखादी वस्तू या ठोकळ्याला जोडता येते का. खिळा, पुठ्ठा, जुन्या खेळण्यातली मोटर, काहीही. पेटीतल्याच वस्तूंशी बोलणारा ठोकळा पेटीबरोबरच संपतो. आणि हो, फोनशिवाय चालतो का हे दुकानातच चालवून बघा. आम्ही एकदा एका घाऊक व्यापाऱ्याकडून बारा संच आणले. सगळं ॲपवर चालणारं. दीड वर्षाने ॲप नव्या फोनवर उघडेना आणि तिकडे फोनही कुणी उचलेना. बाराही संच आम्ही परत घेतले. त्यांतली चुंबकं आणि मोटरी अजून सुट्या विकतो आहोत.

पैसे मुळीच नसतील तर? अरविंद गुप्तांनी १९७०च्या दशकात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, घन, घराचे सांगाडे करायला शिकवलं. आकार समजून घ्यायला ते आजही आमच्या कुठल्याही पेटीइतकंच चांगलं आहे. वॉल्व्ह ट्यूब समोरच्या सायकलवाल्याकडे मिळते, आम्ही ठेवत नाही.

हे मात्र नीट वाचा: सेल आणि चुंबक

घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते ठोकळे मोठ्याचे असले तरी धोका धाकट्याला आहे. नाण्यासारखा चपटा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं किंवा खात नाही, त्यामुळे लक्षात येत नाही. संशय जरी आला तरी उलटी काढायला जाऊ नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या. सेलचं पाकीट सापडलं तर बरोबर घ्या. दोन छोटी चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन घड्या मधे धरून एकमेकांना चिकटतात, तेही तितकंच वाईट. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर तो ठोकळा घेऊ नका, अगदी आमच्याकडूनही.

भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचं मानक आयएस १५६४४. पेटीवर हा क्रमांक शोधा.

पावसाळा

कोकणातली हवा ठोकळ्यांची वैरीण आहे. जून ते सप्टेंबर वापर नसेल तर सेल काढून ठेवा. सेलमधून पांढरी पूड बाहेर आली असेल तर कापसाच्या काडीला थोडा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरडं करा, ओरबाडू नका. आतली लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेवली तर कायमची जाते, अर्धी भरून ठेवा. रिचार्जचा सेल दीडऐवजी १.२ व्होल्ट देतो. काही ठोकळे त्यावर वेडेवाकडे वागतात, ते बिघडलेले नसतात.

शाळांसाठी दोन शब्द

अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेतून किंवा स्वतःच्या पैशाने घेत असाल तर दोन मुलांमागे एक संच असा हिशेब धरा. चौघांत एक दिला की एक जण जोडतो आणि तिघे बघतात. सगळे संच एकदम घेऊ नका. आधी एक आमच्याकडून भाड्याने न्या, विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना तो सुट्टीत घरी नेऊ द्या. पहिल्या दिवशी संच कुलपात गेला तर तो कुलपातच राहतो.

भाड्याचे नियम

पंधरा दिवस, अनामत परत मिळते. नेताना ठोकळे मोजून घ्या, आणताना आमच्यासमोर मोजून द्या. हरवलेल्या ठोकळ्याचे पैसे घेतो, फुटलेल्याचे घेत नाही. फुटला म्हणजे वापरला. सेल काढून आणा. पुढच्या गिऱ्हाइकासाठी एक चिठ्ठी पेटीत टाकलीत तर बरं: काय बनवलं, कुठे अडलं. या चिठ्ठ्या आम्ही फेकत नाही, काउंटरवर वहीत लावल्या आहेत. बघायच्या असतील तर पेटी न घेताही या, सोमवार सोडून.